पॅडलचा अर्ज

सासऱ्यांची पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यातला बिघाड शोधायला तीन गोष्टी पुरत: डोळे, नाक आणि मिस्त्री. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर, रबर जळल्याचा आला तर फॅनबेल्ट, आणि कसलाच वास आला नाही तर पेट्रोल संपलंय. १९८६ची गाडी. कुर्ल्याची पैदास, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चोकची खुंटी डॅशबोर्डला. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस संपली, त्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी दुपारचा चहा घेतला नव्हता.

ॲक्सिलेटरचं काम तर लहान पोरालाही नुसतं बघून कळावं. पाय दाबला की सळई सरकायची, सळईने तरफ फिरायची, तरफेने कार्बोरेटरच्या घशातली गोल चकती उघडायची. चकती उघडली की हवा, हवेमागे पेट्रोल, पेट्रोलमागे गाडी. पाय आणि चकती यांच्यामध्ये तिसरं माणूस नव्हतं. सळई कधी अडकलीच तर सासरे बुटाचं टोक पॅडलखाली घालून ते वर उचलायचे, आणि एवढं करताना तोंडातलं वाक्य मोडायचे नाहीत.

या सुखी संसारात भाचा शिरला. बहिणीचा मुलगा, चाकणला नोकरी, गणपतीला जेवायला आलेला. हात धुवून थेट बोनेट उघडलं.

"मामा, हे कार्बोरेटर अंदाजावर चालतं."

"आम्हीही," मी म्हणालो.

"पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. याच्या जेटची भोकं जुन्या पेट्रोलच्या मापाची. त्याला कळतच नाही की पेट्रोल कमी पडतंय."

हे मात्र खरं होतं. गाडी सकाळी खोकायची, चढावर ठसके द्यायची. भाच्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. कार्बोरेटर जाणार, त्या जागी इंजेक्टर येणार. डिस्ट्रिब्युटर जाणार, कॉइल येणार. टाकीत विजेचा पंप. आणि या सगळ्यांवर देखरेखीला ईसीयू नावाचा डबा, ज्यात इंजिनाचा मेंदू असतो. पत्रिका ज्यांच्या लग्नाची होती त्यांचंही पुढे जमलं नाही, पण ते मला नंतर कळलं.

पुढचे तीन महिने गाडी ठोकळ्यांवर होती. डब्याला इंजिन किती फिरलं ते कळावं म्हणून पुलीवर एक दातेरी चाक बसवलं. साठ दातांचं माप, पण दोन दात मुद्दाम पाडलेले. ती खिंड सेन्सरसमोरून गेली की डब्याला कळतं, फेरी इथून मोजायची. मिस्त्रींनी चाक हातात घेऊन फिरवलं. "एवढे पैसे मोजून आणलं, आणि तेही बोळकं?"

इथवर माझी हरकत नव्हती. हरकत होती ती इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला. मी म्हटलं, सळई राहू दे, फार तर केबल टाक. यावर भाच्याने मला पाऊण तास व्याख्यान दिलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या मोटारीत पॅडलची केबल तोडून तिथे विजेच्या तारा टाकल्या. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, चाक घसरलं की इंजिनाने आपणहून दम खाणं आलं, क्रूझ कंट्रोल आला, आणि आज शोरूममधल्या बहुतेक गाड्यांत पाय आणि इंजिन यांची प्रत्यक्ष गाठ पडतच नाही. सगळं पटण्यासारखं होतं. खरं कारण नंतर हळूच बाहेर आलं: त्याच्या मित्राने जुन्या बाजारातून एक थ्रॉटल आणलं होतं आणि ते पडून होतं. माणसाच्या बऱ्याचशा तांत्रिक प्रगतीमागे कोणाकडे तरी पडून असलेला माल असतो, असं माझं मत झालं आहे.

आता ही व्यवस्था कशी चालते ते सांगतो, कारण मला ती समजून घ्यायला एक हिवाळा लागला. नव्या पद्धतीत पॅडल काही ओढत नाही. ते अर्ज करतं. 'सेवेशी, चकती इतकी इतकी उघडावी ही विनंती.' अर्ज व्होल्टमध्ये असतो. डबा तो वाचतो, पण एका अर्जावर त्याचा विश्वास नाही. म्हणून पॅडलमध्ये सेन्सर दोन. आमच्या पॅडलमध्ये दुसऱ्याचा आकडा नेहमी पहिल्याच्या निम्मा यायला हवा. दोन्ही जबान्या जुळल्या की डबा थ्रॉटलमधल्या छोट्या मोटारीला हुकूम देतो, मोटार दातेरी चाकांतून चकती फिरवते. पण हुकूम पाळला गेला का, यावरही डब्याचा विश्वास नाही. म्हणून चकतीच्या दांड्यावर आणखी दोन सेन्सर. हे तर भावकीतलेच: एक चढला की दुसरा तेवढाच उतरतो, आणि दोघांची बेरीज कायम पाच व्होल्ट. बेरीज बिघडली की डबा समजतो, यांतला एक खोटं बोलतोय. कोण, ते शोधायच्या भानगडीत तो पडत नाही. मोटारीची वीज तोडतो, चकती स्प्रिंगच्या जोराने किंचित उघड्या अवस्थेत येऊन थांबते, आणि गाडी रांगण्यापुरती जिवंत राहते. याला लिंप मोड म्हणतात. लंगडत घरी जा, असा त्याचा अर्थ.

"आणि समजा, आपणहून पूर्ण उघडली तर?" मी विचारलं. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे.

भाचा याच प्रश्नाची वाट पाहत होता. अमेरिकेत २००९-१०च्या सुमारास टोयोटाच्या गाड्या आपोआप पळतात असा ओरडा झाला. शेवटी तिथल्या सरकारने थेट नासाला बोलावलं. चंद्रावर माणूस पाठवणारे लोक पॅडलच्या तारा तपासू लागले. दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०११मध्ये निकाल जाहीर झाला: गाड्या सुसाट सुटाव्यात असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या त्यांची कारणं दोन. एक, पायाखालची मॅट पॅडलमध्ये अडकणं. दुसरं, पॅडलच घट्ट होणं. मात्र एका पॅडलच्या सेन्सरमध्ये नासाला कथिलाच्या मिशा सापडल्या. खरंच मिशा. कथिलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात आणि शेजारच्या तारेला जाऊन टेकतात. दोन वर्षांनी ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्युरीने मात्र सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं. म्हणजे तिथेही दोन जबान्या, आणि बेरीज जुळेना. मी त्या रात्री पद्मिनीतली मॅट काढून बाल्कनीत टाकली.

पहिल्या दिवशी इंजिन चालू करायचं नव्हतं, फक्त किल्ली फिरवून चकतीला तिची बंद आणि उघडी टोकं शिकवायची होती. भाच्याने हवेचा पाइप काढला. मी टॉर्च धरला. आत चकती दिसत होती, मारी बिस्किटापेक्षा जरा लहान, कडेने काजळीची काळी रेघ. भाच्याने लॅपटॉपवर 'बंद कर' सांगितलं आणि चकतीने खटाक् करून आ वासला.

"परत सांग," मी म्हटलं. परत खटाक्. मिस्त्रींनी देवळीतली उदबत्तीची काडी आणून चकतीच्या वाटेत धरली. तिसऱ्या खटाक्ला काडीचे दोन तुकडे झाले. "बोट घालू नका मामा," भाचा म्हणाला. ही सूचना जरा आधी आली असती तर बरं झालं असतं. काडी शोधायला जाण्यापूर्वी मिस्त्रींच्या मनात बोटच होतं.

चार तास गेले. सेन्सर बरोबर, पॅडल बरोबर, डबा बरोबर. शेवटी निघालं ते असं की मोटारीच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. डबा म्हणे 'मिट', मोटार उघडे. डबा बघे, अरे ही तर आणखी उघडली, म्हणजे आपण जोर कमी लावला. मग तो दुप्पट जोराने 'मिट' म्हणे आणि मोटार दुप्पट जोराने उघडे. दोघेही प्रामाणिक, दोघेही कामसू. तारा बदलायला दोन मिनिटं लागली.

मग गाडी चालू झाली आणि चकती थरथरायला लागली. आयडलिंगला इंजिन वर-खाली, वर-खाली, आणि बोनेटखालून डास गुणगुणल्यासारखा आवाज. भाचा म्हणाला, पीआयडी लावायला हवं, म्हणजे चकती हव्या त्या जागेपासून किती चुकली ते पाहून मोटारीला किती जोर द्यायचा ते ठरवायला हवं. ही तीन अक्षरं मला त्याने तीनदा समजावली. तिसऱ्यांदा मला आमच्या सोसायटीची कमिटी डोळ्यासमोर आली आणि लख्ख कळलं. पी म्हणजे चेअरमन. चूक जेवढी मोठी तेवढा ओरडतो. फार जोर दिलात तर एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतो. आय म्हणजे खजिनदार. आत्ता काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्याच्याकडे मागची सगळी थकबाकी साठलेली असते आणि ती तो हळूहळू वसूल करतो, अगदी तुम्ही पैसे भरल्यावरसुद्धा थोडा वेळ. डी म्हणजे पाटीलकाका. पाण्याची टाकी निम्मी झाली की हे म्हणतात, या वेगाने मंगळवारी पाणी संपणार. माणूस उपयोगी, पण फार अधिकार दिलेत तर पानाच्या सळसळीलाही घाबरून जिना उतरतात. आमच्या थ्रॉटलमध्ये पाटीलकाकांना नको तेवढं महत्त्व मिळालं होतं, म्हणून ती गुणगुण.

त्यात आणखी एक मेख. चकतीला स्प्रिंगने ठरवून दिलेली एक घरची जागा असते, ती थोडीशी उघडी. तिच्या वर गेलात की स्प्रिंग खाली ओढते, खाली गेलात की वर ढकलते. आणि आयडलिंग नेमकं त्याच उंबरठ्यापाशी. त्यामुळे मोटारीला क्षणात ढकलावं लागतं, क्षणात धरावं लागतं. भाच्याने तीन रविवार आकडे बदलले. मी त्याला चहा दिला. मिस्त्रींनी पहिल्या रविवारी कुतूहलाने पाहिलं, दुसऱ्या रविवारी करुणेने, तिसऱ्या रविवारी ते स्कूटरचं काम घेऊन बसले.

पॅडलचा घोळ लवकर मिटला. पॅडल एका गाडीतलं, थ्रॉटल दुसऱ्या गाडीतलं, आणि डब्यात भरलेले आकडे बहुधा तिसऱ्याच गाडीचे. लॅपटॉपवर 'पी २१३८' आलं, म्हणजे पॅडलच्या दोन सेन्सरांचं जमत नाही. जमणार कसं, त्यांची पत्रिकाच बघितली नव्हती. आकडे बदलले, जमलं.

पुढचा बिघाड मात्र मला आवडला, कारण तो मिस्त्रींचा होता. गाडी आयडलिंगला अठराशेच्या खाली उतरेना. लॅपटॉप सांगे, चकती पूर्ण बंद. भाचा म्हणे, मग हवा येते कुठून? त्याने सेन्सर तपासले, टोकं पुन्हा शिकवली, चकती कार्बोरेटर क्लीनरने धुतली. मिस्त्री स्कूटरवरून उठले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मॅनिफोल्डला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"शिट्टी वाजते. दार लावलंय, खिडकी उघडी."

जुन्या मॅनिफोल्डवर नवं थ्रॉटल बसवायला जी पट्टी केली होती तिच्याखालून हवा आत शिरत होती. मिस्त्रींनी गॅस्केटचा कागद पट्टीवर पसरला आणि बारक्या हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने ठोकत गेले; जिथे धातूची धार तिथे कागद आपोआप कातरला जातो. टक्‌टक्‌टक्‌टक्. भोकंसुद्धा तशीच पाडली. मोजपट्टी नाही, पेन्सिल नाही. दहा मिनिटांत इंजिन साडेआठशेवर येऊन मांजरासारखं बसलं. भाच्याने या हातोडीचा फोटो काढून घेतला.

आठ दिवस स्वर्ग होता. चोक नाही, खोकला नाही, अर्ध्या सेलमध्ये गाडी चालू. नवव्या दिवशी संध्याकाळी नळस्टॉपपाशी माझा पाय पॅडलवर आणि गाडीचं लक्ष दुसरीकडे. दाबलं, काही नाही. आणखी दाबलं, तेवढंच काही नाही. अर्ज फेटाळला गेला होता. पद्मिनी पहिल्या गिअरमध्ये आपल्या मर्जीने सरपटू लागली. मागे कर्वे रोडची संध्याकाळ. तिने मला कोणत्या शब्दांत संबोधलं ते इथे देत नाही. एक सायकलवाले आजोबा शेजारून गेले, थांबले, मी त्यांना गाठेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "कार्बोरेटर साफ करून घ्या." मी मान हलवली. काय सांगणार?

किल्ली बंद करून पुन्हा लावली की गाडी शहाणी. दिवसा कितीही फिरवा, तक्रार नाही. संध्याकाळी निघालं की पाच मिनिटांत लंगडी. लॅपटॉपवर 'पी २१३५': आता थ्रॉटलमधल्या दोघांची बेरीज जुळत नव्हती. भाच्याने थ्रॉटल बदललं. जुन्या बाजारातून दुसरं आणलं, तेही संध्याकाळी लंगडलं. प्लगच्या पिना साफ केल्या. मोटारीच्या तारा सेन्सरच्या तारांपासून लांब बांधल्या, कारण मोटारीच्या विजेचा गोंगाट शेजारी ऐकू जातो म्हणे. मिस्त्रींचं मत, इंजिन दिवसभर तापतं म्हणून. वरच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, मोबाइलचा टॉवर. मला स्वतःच्या पायाचीच शंका यायला लागली होती. उतरत्या वयात संध्याकाळी पाय जड होतात.

आम्ही तिघे बोनेटवर वाकून उभे असताना बायको तुळशीपाशी दिवा लावायला खाली आली. पद्मिनी तिच्या वडिलांची. तिने गाडीकडे पाहून एवढंच म्हटलं, "दिवेलागणीला असं रुसून बसू नये."

भाचा सरळ झाला. "मामी, काय म्हणालात?"

"दिवेलागणीला."

"दिवे!"

त्याने गाडी चालू केली, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि मला हेडलाइट लावायला सांगितलं. पडद्यावरच्या दोन रेघा, एक चढती एक उतरती, एकदम उचलल्या गेल्या. बेरीज पाच पूर्णांक चार. बंद केले, पाच. लावले, पाच पूर्णांक चार. वायपर लावला, त्यात आणखी थोडी भर. मी तो खटका सात-आठ वेळा तरी वर-खाली केला असेन. तीन महिन्यांत मला जमलेलं हे पहिलं काम होतं.

कारण ऐकाल तर माझ्यासारखेच खाली बसाल. जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला एकच तार जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. पत्र्यातून वीज बॅटरीच्या मायनसला परत जाते, एका जाड पट्टीवरून. ती पट्टी जिथे बोल्टने पत्र्याला बसते, तिथे गेल्या वर्षी मी हौसेने मारून घेतलेला साय रंगाचा रंग होता. पेंटरने मन लावून काम केलं होतं. बोल्टखालीसुद्धा दोन हात. रंगातून वीज कशीबशी जात होती. दोन हेडलाइटचे मिळून नऊ-दहा अँपिअर, रंगाने धरलेला अडसर ओहमच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा, गुणाकार करा: ०.४ व्होल्ट. आणि भाच्याने घाईत थ्रॉटलच्या सेन्सरांची काळी तार डब्याला न जोडता जवळच्या पत्र्यालाच जोडली होती. दिवे लागले की सेन्सरांच्या पायाखालची जमीनच ०.४ व्होल्टने वर यायची. दोघेही खरं बोलत होते, फक्त स्टुलावर उभे राहून.

मिस्त्रींनी मल्टिमीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. टेस्ट लँप पत्र्याला लावला आणि निकाल दिला: "बॉडीला अर्थ नाही, साहेब."

हे मला गेले तीन महिने सारखं वाटत होतं, पण मी वेगळ्या अर्थाने म्हणत होतो.

त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि बोल्टभोवतीचा रंग घासायला सुरुवात केली. माझा साय रंग पिठासारखा भुरुभुरु खाली पडत होता. खाली आधी जुन्या रंगाचा निळा थर लागला, सासऱ्यांच्या काळातला, मग लाल प्रायमर, आणि मग रुपयाएवढा गोल चकचकीत पत्रा. पट्टी आवळली, वरून ग्रीस फासलं. तेवढ्यात पलीकडे भाच्याने काळी तार पत्र्यावरून काढून डब्यातल्या तिच्या हक्काच्या पिनेला जोडली. दोन्ही कामं एकाच पाच मिनिटांत झाली. आता गाडी नक्की कोणत्या कामाने बरी झाली, हा प्रश्न कधीच सुटणार नाही. मिस्त्री म्हणतात अर्थिंगने. भाचा म्हणतो, अर्थिंग खराब असतं तरी माझ्या तारेने चाललं असतं. पुढच्या दिवाळीच्या फराळाला दोघे समोरासमोर बसले तेव्हा चकलीसुद्धा जपून मोडत होते.

जुनं कार्बोरेटर मिस्त्रींनी स्वच्छ करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवलं आहे. सळईसकट. "असू द्या," एवढंच म्हणाले.

मी हल्ली भर दुपारी हेडलाइट लावूनच बाहेर पडतो. गरज नाही, पण इतक्या कष्टाने मिळवलेली गोष्ट वापरायची नाही तर काय? कर्वे रोडवर समोरून येणारा प्रत्येक दुचाकीवाला मला हात वर करून पाचही बोटं उघड-मीट उघड-मीट करून दाखवतो: काका, दिवे चालू आहेत. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचे दिवे कायद्यानेच दिवसभर चालू असतात. त्यांचेही असतात. मीही हात बाहेर काढतो आणि त्यांना तसंच करून दाखवतो.